अंगणातल्या घुशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला जोराचा पाऊस झाला की आणि पुन्हा भातकापणीच्या सुमाराला घुशींबद्दलचे प्रश्न एकदम वाढतात. त्यातले नेहमी येणारे प्रश्न इथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत घेतले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एकाच गोष्टीची पुनरुक्ती होऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर औषधाला हात लावण्याआधी ९, १० आणि ११ वाचाच.

१. अंगणात रोज सकाळी मातीचा नवा ढीग दिसतो. घूसच असेल का?

बहुतेक घूसच. घुशीची खूण म्हणजे भुसभुशीत, ताज्या मातीचा ढीग आणि त्याच्या लगत मुठीएवढं किंवा त्याहून मोठं तोंड. पुष्कळदा तोंड दिसतच नाही, कारण आत गेल्यावर घूस ते आतूनच मातीने लिंपून टाकते. ढीग भिंतीच्या कडेने, ओट्याखालून, पाण्याच्या टाकीच्या बुडाशी किंवा केळीच्या आळ्याजवळ असेल तर शंकाच नको.

कोकणात खेकड्याच्या बिळाशी गल्लत होते. खेकड्याने काढलेला चिखल गोळ्यागोळ्यांचा असतो आणि बीळ ओलाव्याजवळ असतं. मुंग्यांची माती रव्यासारखी बारीक असते. सापाला मात्र बीळ खणता येत नाही, तो उंदीर-घुशींच्या तयार बिळात शिरतो. म्हणून बीळ कुणाचंही वाटलं तरी त्यात हात घालायचा नाही, काठी खुपसून वाकून बघायचं नाही.

२. उंदीर, घूस आणि चिचुंद्री यांत फरक काय? रात्री नीट दिसत नाही.

चिचुंद्रीचं नाक लांब, टोकदार आणि सतत हलणारं असतं, डोळे बारीक. भिंतीकडेने चिक् चिक् करत पळते आणि मागे उग्र वास सोडते. ती उंदरांच्या कुळातली नाही. झुरळं, किडे, गांडुळं हे तिचं खाणं. तिला मारू नका, ती तुमचंच काम करते आहे.

घरातला काळा उंदीर सडपातळ असतो, त्याची शेपटी धडापेक्षा लांब असते आणि तो माळ्यावर, कौलांवर चढतो. घूस जमिनीवरची. नाकाड बोथट, अंग जाड, केस राठ आणि शेपटी धडाएवढी किंवा त्याहून तोकडी. कोपऱ्यात सापडली की अंगावरचे केस उभे करून गुरगुरते.

घुशीही दोन प्रकारच्या आहेत. थोरली वजनाने किलोच्या घरात जाते आणि गटारं, चेंबर, पाण्याच्या कडेला जास्त दिसते, पोहण्यात पटाईत. धाकटी साधारण २०० ते ४०० ग्रॅमची, शेतात आणि वस्तीत दोन्हीकडे. लोक थोरलीला घाबरतात, पण बिळांचं जाळं करून जमीन पोकळ करण्यात धाकटी जास्त वाईट.

३. इंटरनेटवर ‘मोल’ घालवायचे भरपूर उपाय आहेत. ते आपल्याकडे करून बघू का?

नको. मोल हा जमिनीखाली बोगदे खणणारा प्राणी महाराष्ट्रात नाहीच. भारतात तो फक्त पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडे आढळतो. तो गांडुळं आणि अळ्या खाऊन जगतो, दाण्याला तोंड लावत नाही. घूस बरोबर उलट, दाण्यापासून खरकट्यापर्यंत सगळं खाते. त्यामुळे अळ्या मारायचं औषध हिरवळीवर फवारणं किंवा एरंडेल शिंपडणं असले तिकडचे उपाय इकडे पैसे वाया घालवतात. तुम्ही परदेशातच राहत असाल तर २० पाहा.

४. आमच्याकडे धान्य उघड्यावर नसतं. मग घूस येते कशाला?

धान्य कुठं लागतं तिला? ओल्या कचऱ्याची बादली रात्री बाहेर ठेवली जाते. कंपोस्टच्या खड्ड्यात शिळा भात पडतो. कुत्र्याच्या ताटलीत दोन घास उरतात. कबुतरांना टाकलेले ज्वारीचे दाणे संध्याकाळपर्यंत तसेच असतात. झाडाखाली पडलेले पेरू, चिकू, रामफळं. परसात अळू, सुरण, रताळी, हळद. आणि प्यायला गळक्या नळाखालची ओल.

खाण्याइतकंच आडोशालाही महत्त्व आहे. भिंतीला टेकून ठेवलेल्या विटा, जुनी कौलं, लाकडाच्या मोळ्या, नारळाच्या झावळ्या यांच्यामागे बीळ खणलं की कुणाला दिसत नाही. कोकणातले मातीने सांधलेले गडगे, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंती, तर तयार वाडेच.

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं तेव्हा घुशी उंचवट्याकडे, म्हणजे तुमच्या जोत्याकडे सरकतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात कापून शेतं रिकामी झाली की लगतच्या घरांकडे दुसरी लाट येते.

५. थोडी माती उकरली तर एवढं काय बिघडतं?

माती उकरल्याने काही बिघडत नाही, ती कुठून उकरली याने बिघडतं. अंगणात दिसणारा ढीग हा जमिनीखालच्या तेवढ्याच पोकळीचा पुरावा असतो. एक बीळ म्हणजे एक भोक नसतं: त्याला आडव्या वाटा असतात, पिलांची खोली असते, साठवणीची कोठी असते आणि निसटायला चोरवाट असते. शेतात अशा कोठ्यांतून भाताच्या लोंब्यांचे ढीगच्या ढीग निघतात.

तपासायला सोपी रीत आहे. लाठी किंवा फावड्याचा दांडा घेऊन ओट्याच्या फरश्या एकेक ठोकत जा. भरीव फरशीचा आवाज बद्द येतो, खालची माती गेलेल्या फरशीचा ढब ढब असा मोकळा. तुळशी वृंदावनाच्या चारी बाजू, पायऱ्यांचा सांधा, पाण्याच्या टाकीचा कठडा आणि जोत्याला लागून असलेली फरसबंदी या जागा आधी ठोका. वृंदावन एका अंगाला कललं असेल तर पाऊस संपायची वाट बघू नका. भिजलेली माती पोकळीत बसते आणि मग बांधकाम एकदम खचतं. कंपाउंडच्या उथळ पायाच्या भिंती अशाच झुकतात. आरसीसीच्या घराला सहसा धोका पोचत नाही, पण जुन्या मातीच्या किंवा दगडमातीच्या जोत्याच्या घरात हा प्रश्न अजिबात टाळू नये.

६. सगळ्यात आधी काय करायचं? गवंडी बोलावून बिळं बुजवून टाकू?

नाही. जवळजवळ सगळे इथेच चुकतात. घूस आत असताना तोंड बुजवलं तर ती रात्रीत दुसरं तोंड काढते, तेही बहुतेक वेळा घराच्या आणखी जवळ. गवंड्याची मजुरी फुकट जाते आणि सिमेंटच्या पट्टीला लागूनच नवा ढीग दिसतो.

क्रम असा ठेवा: आधी खाणं तोडा, मग घुशी पकडा किंवा मारा, बिळं थंडावल्याची खात्री करा (७), आणि त्यानंतर बुजवा (१५). खाणं तोडायला पैसे लागत नाहीत, फक्त घरातल्या सगळ्यांचं एकमत लागतं. ओला कचरा झाकणाच्या डब्यात, कुत्र्याची ताटली जेवण झाल्याबरोबर आत, कबुतरखाना बंद, पडलेली फळं संध्याकाळी गोळा. भिंतीला टेकलेला पसारा दोन फूट पुढे ओढा. यात खाण्याचा भाग पिंजऱ्यासाठीही कामाचा आहे. पोट भरलेली घूस आमिषाकडे ढुंकूनही बघत नाही.

७. दहा-बारा बिळं आहेत. चालू कुठलं, सोडलेलं कुठलं, कसं कळणार?

संध्याकाळी सगळ्या तोंडांवर माती लोटून पायाने हलकेच दाबा, किंवा कागदाचा बोळा बसवा. सकाळी जी उघडलेली असतील ती चालू. हेच लागोपाठ दोन-तीन दिवस करा, कारण घूस रोज प्रत्येक दारातून येत-जात नाही. चालू बिळांजवळ खूण म्हणून चुन्याची रेघ मारून ठेवा. पुढच्या प्रत्येक टप्प्याला उपयोग होईल.

८. पिंजरा लावला, भजी अडकवली, पण घूस फिरकतच नाही. काय चुकतंय?

बहुधा घाई. नेहमीच्या वाटेवर अचानक आलेल्या वस्तूचा घुशीला संशय येतो. पिंजऱ्याचं दार तारेने बांधून उघडं ठेवा आणि पहिल्या दोन-तीन रात्री आत नुसतं खाणं ठेवा, चाप न लावता. ती बिनघोर खाऊन जायला लागली की मग दार मोकळं करा.

दुसरी चूक आकाराची. उंदराच्या पिंजऱ्यात थोरली घूस मावत नाही. शिरलीच तर दार शेपटीवर पडतं आणि ती मागे सरून निसटते. दुकानात ‘घुशीचा पिंजरा’ असंच म्हणून मागा. तार जाड हवी, दाराला घट्ट स्प्रिंग हवी आणि दार पडल्यावर अडकणारी खिट्टी हवी, नाहीतर ती नाकाडाने दार उचलते.

जागा भिंतीला चिकटून, चालू बिळाच्या हातभर अंतरावर. मोकळ्या अंगणाच्या मध्यभागी ठेवलेल्या पिंजऱ्यात मांजरच सापडायचं. वर गोणपाट टाकलं की बोगद्यासारखा अंधार होतो आणि जनावर सहज आत शिरतं.

आमिष आकड्याला दोऱ्याने बांधा, नुसतं ठेवू नका. घूस चाप न हलवता ते ओढून नेते. भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा, सुका बोंबील, शेंगदाण्याचा लाडू, तुपातली चपाती, तळलेला बटाटेवडा यांपैकी तुमच्या आवारात सहज मिळत नाही असं काहीतरी निवडा. मासळी बाजाराशेजारी बोंबलाचं कौतुक कुणाला? तिथे पिकलेला टोमॅटो चालतो. एक घूस सापडली की पिंजरा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा, पण फिनेलने नको. त्याचा वास राहतो.

९. औषधच घालायचं ठरवलं तर कुठलं? दुकानदार तीन-चार प्रकार दाखवतो.

पिंजऱ्याने काम होत असेल तर औषध घालूच नका, हे माझं स्पष्ट मत. तरीही घुशी फार असतील तर प्रकार समजून घ्या.

पहिला प्रकार, ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्या, ०.००५ टक्क्यांच्या. हे औषध रक्त गोठू देत नाही. खाल्ल्यावर परिणाम काही दिवसांनी होतो, त्यामुळे कशाने झालं हे इतर घुशींना उमगत नाही आणि त्या खात राहतात. घरगुती आवारासाठी त्यातल्या त्यात हाच पर्याय. वडी उघड्यावर टाकू नका. कुलपाच्या डबीत किंवा बिळात हातभर आत सरकवा, तीही चिमट्याने. दोन-तीन दिवसांनी बघा, खाल्ली असेल तर पुन्हा ठेवा. पंधरवडा धीर धरा.

दुसरा प्रकार, झिंक फॉस्फाइडची काळी भुकटी. हे जहर जलद आहे, पोटात विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. शेतात, जाणकारांच्या हातून ठीक. घराच्या अंगणात नाही. याचा आणखी एक तोटा आहे. थोडं खाऊन वाचलेली घूस त्या खाण्याला पुन्हा शिवत नाही. म्हणून शेतकरी आधी दोन-तीन दिवस विनाविषाचं आमिष घालून सवय लावतात आणि मगच विष मिसळतात. ‘पहिल्या दिवशी खाल्लं, आता तोंड लावत नाहीत’ ही तक्रार हमखास याच औषधाची असते.

तिसरा प्रकार, पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट, ट्यूबमधली. घरात ठेवूच नका. माणसाच्या पोटात गेली तर एक-दोन दिवस फारसं काही जाणवत नाही, आणि तोवर यकृत निकामी व्हायला लागलेलं असतं.

चिकट गोंदाचा पुठ्ठा घुशीसाठी निरुपयोगी. घूस तो घेऊन पळते आणि अडकतात त्या चिमण्या, सरडे, चिचुंद्र्या, तेही तडफडत.

१०. शेताला वापरतात त्या धुराच्या गोळ्या बिळात टाकून तोंड बंद केलं तर एका दिवसात काम होईल ना?

त्या गोळ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. ओल लागली की फॉस्फीन वायू सुटतो. घराच्या जोत्याखालची बिळं फरशीच्या भेगांतून, न्हाणीच्या मोरीतून, वीजवाहिनीच्या नळीतून घरात उघडतात हे आपल्याला वरून दिसत नाही. बंद खोलीत झोपलेली माणसं या वायूने दगावल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. भारतात या गोळ्यांच्या विक्री-वापरावर निर्बंध आहेत आणि त्या सर्वसामान्य घरगुती वापरासाठी नाहीत. ओळखीच्या दुकानातून कुणी आणून दिल्या तरी परत करा. याला ‘थोडीच टाकतो’ असा मध्यममार्ग नाही.

११. कुत्र्याने औषधाची वडी चघळली. मूल असतं तर काय करायचं?

वेष्टण सोबत घ्या आणि निघा, माणूस असेल तर रुग्णालयात, जनावर असेल तर पशुवैद्याकडे. डॉक्टरांना औषधाचं नाव कळणं हेच सगळ्यात मोलाचं, कारण ब्रोमॅडिओलोनला व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे, फॉस्फाइडला नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८. घरी उलटी करवू नका, मिठाचं पाणी, दूध, तूप काही पाजू नका. मूल खेळतंय, कुत्रं शेपटी हलवतंय म्हणून थांबूही नका. ब्रोमॅडिओलोनमध्ये हिरड्यांतून रक्त येणं, शी-लघवीतून रक्त जाणं ही लक्षणं काही दिवसांनी दिसतात. औषध खाऊन मेलेली घूस कुत्र्याने खाल्ली तरी नियम हाच.

१२. बिळात पाणी सोडणं, मिरचीची धुरी, डांबर गोळ्या, अल्ट्रासॉनिक यंत्र: यांतलं काय चालतं?

पाणी सोडल्याने घूस चोरवाटेने बाहेर पडते हे खरं, पण ते पाणी जोत्याखालची माती धुऊन नेते. मोकळ्या परसात, घरापासून लांब आणि बाहेर काठी घेऊन माणसं उभी असतील तरच. मिरचीच्या धुरीचंही तसंच. शेतात बिळावर मडकं लावून धूर कोंडण्याची पद्धत जुनी आहे, ती चालते कारण बाकीची तोंडं बंद करून माणसं टपलेली असतात. अंगणात नुसती धुरी दिली की खोकला आपल्यालाच.

डांबर गोळ्या घूस मातीसकट बाहेर लोटते. शिवाय त्या मुलांना खाऊच्या गोळ्यांसारख्याच दिसतात. अल्ट्रासॉनिक यंत्राचा आवाज जमिनीतून जात नाही आणि भिंतीआड पोचत नाही. घुशी त्याला सरावतात. पैसे वाचवा. बिळात फुटक्या काचा भरणं मात्र निव्वळ समजूत नाही. नुसत्या काचा ती ढकलते, पण सिमेंटमध्ये कालवलेल्या काचा उपयोगी पडतात (१५).

१३. जिवंत पकडलेल्या घुशीचं काय करायचं? माळावर सोडून येऊ?

लोक सोडतात. तुमची घूस दुसऱ्याच्या दारात जाते, एवढाच फरक. महापालिका असेल तर कीटकनाशक किंवा आरोग्य विभागाकडे विचारा. मुंबईत महापालिकेची मूषक नियंत्रणाची यंत्रणा आहे, रात्रपाळीला उंदीर मारणारे कर्मचारीही आहेत, आणि तक्रार १९१६ वर करता येते. गावात हे काम स्वतःच करावं लागतं. पिंजऱ्यासकट बादलीत बुडवणं सर्रास चालतं, पण जनावर बराच वेळ तडफडतं. करायचंच तर जाड गोणीत घेऊन डोक्यावर एकच ठाम घाव. तेवढं धाडस नसेल तर ज्याला जमतं त्याला बोलवा.

पिंजऱ्याला उघड्या हाताने स्पर्श करू नका. घूस तारेतून चावते आणि तिची लघवी तारेवर असते. चावलीच तर जखम साबण-पाण्याने भरपूर धुऊन डॉक्टरकडे.

मेलेली घूस गल्लीत, ओढ्यात किंवा कावळ्यांसाठी छपरावर टाकू नका. हातमोजे घालून प्लास्टिकच्या पिशवीतून न्या, खड्डा कमरेएवढा नाही तरी गुडघाभर घ्या, पिशवीतून काढून वर चुना टाका. जागेवर जंतुनाशकाचं पाणी आधी शिंपडा, मगच झाडा. कोरडी लेंडी-माती झाडली की धूळ नाकात जाते. घूस फरशीखालीच मेली असेल तर वासाला दुसरा इलाज नाही, वास सर्वांत उग्र येतो तिथली फरशी काढावी लागते, नाहीतर आठ-पंधरा दिवस सोसावं लागतं. जोत्याखाली विष घालू नये याचं हेही एक कारण.

१४. घुशींमुळे आजार होतात का, की उगाच भीती घालतात?

होतात, आणि मुख्य नाव लेप्टोस्पायरोसिस. घुशी-उंदरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात, चिखलात येतात आणि पायाच्या जखमेतून शिरतात. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईत याचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले. कोकणात भातलावणीच्या दिवसांत दरवर्षी काळजी असते. जोराचा ताप, पोटऱ्या आणि कंबर ठणकणं, डोळे लाल होणं, पुढे कावीळ. चिखल-पाण्यातून गेल्यावर आठवडाभराच्या मागेपुढे ताप आला तर डॉक्टरांना ‘घुशी आहेत, पाण्यातून गेलो होतो’ हे न विचारता सांगा. निदान याच वाक्यावर वेगाने होतं. परसात काम करताना गमबूट आणि हातमोजे. कुत्र्याच्या लसींत लेप्टोची लस आहे का, हे पशुवैद्याला विचारून घ्या.

प्लेगचं नाव काढलं की जुन्या माणसांना १९९४ चं बीड आणि सुरत आठवतं. तेव्हापासूनचा एक नियम लक्षात ठेवा: आवारात एकाएकी पुष्कळ उंदीर-घुशी मरून पडल्या आणि तुम्ही विष घातलेलं नाही, तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

१५. आता बिळं शांत आहेत. बुजवायची कशी, म्हणजे पुन्हा उकरणार नाहीत?

७ मध्ये सांगितल्याप्रमाणे निदान आठवडाभर एकही तोंड उघडलं नाही ना, ते बघा. मग तोंड रुंद करून जेवढं आत जाता येईल तेवढं खणा, पोकळीत मोठी खडी आणि मुरूम ठोकून भरा, आणि वरचा वीतभर थर सिमेंट, रेती आणि फुटक्या काचांचा द्या. नुसत्या मातीने बुजवलेलं बीळ पुढच्या घुशीसाठी अर्धं खणून ठेवल्यासारखं असतं. भरावाची माती मऊ असते. ओटा पोकळ झाला असेल तर फरशी काढून खालून भरा. भोकातून पातळ सिमेंट ओतणारे गवंडी असतात, त्याने वरची पोकळी भरते, आडव्या वाटा रिकाम्या राहतात.

कायमचा उपाय जाळीचा. जोत्याला लागून फूट-दीड फूट रुंद चर दोन फूट खोल खणा, त्यात गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश भिंतीला चिकटवून खाली सोडा आणि तळाशी फूटभर बाहेरच्या बाजूला वाकवा. घूस भिंतीकडेने खाली खणत जाते, वाकलेल्या जाळीवर येऊन अडते, मागे सरून पुन्हा खणायचं तिला सुचत नाही. जाळीचं भोक अर्ध्या इंचापेक्षा मोठं नको, पिलं शिरतात. खर्चिक आहे, म्हणून सगळ्या बाजूंना न करता ज्या अंगाला ढीग येतात तिथे आणि वृंदावनाभोवती करा.

त्याचबरोबर फुटलेली चेंबरची झाकणं बदला, पावसाळी नळांच्या तोंडांना जाळी लावा, फाटकाखालची फट अर्ध्या इंचावर आणा. सांडपाण्याच्या जुन्या, फुटक्या नळातून घुशी येत असतील तर अंगणात कितीही जाळी घाला, त्या येतच राहतील. सगळं करूनही पुन्हा येणाऱ्या घुशींच्या निम्म्याअधिक प्रकरणांत शोध अशा नळापाशी संपतो, हा माझा अनुभव.

१६. बिळात साप दिसला. आता काय?

त्याला राहू द्या, जवळ जाऊ नका. घूस-उंदीर जिथे, तिथे धामण आणि नागही. साप वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, मारणं गुन्हा. आधी खाणं आणि घुशी कमी करा, सापाला तिथे थांबायचं कारण उरत नाही. घरात शिरण्याच्या बेतात असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावरून सर्पमित्र मागवा. साप असेल त्या बिळात पाणी, धूर, विष काही नाही, आणि ते बुजवायचंही नाही.

१७. मांजर पाळलं तर?

पिलं आणि छोटे उंदीर ती मारेल. थोरल्या घुशीसमोर गावठी मांजर मागे सरतं, आणि त्यात तिचं शहाणपण आहे. गव्हाणी घुबड जास्त कामाचं. आवारात ते दिसत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका आणि विष घालू नका, विष खाल्लेली घूस घुबडाच्या पोटात जाते. मुंगसाचंही तेच.

१८. आम्ही सगळं करतो, पण शेजारी कचरा टाकतात. सोसायटीत कुणाची जबाबदारी?

घुशीला कुंपणाची रेघ कळत नाही, म्हणून एकट्याने केलेल्या कामाला मर्यादा आहे. दोन-तीन घरांनी किंवा सोसायटीने एकाच आठवड्यात सुरुवात करा. सामाईक आवाराचं काम सोसायटीचं. बाहेरचं कंत्राट देत असाल तर कीटकनाशक कायद्याखालचा परवाना मागून बघा, कुठलं औषध कुठे ठेवणार ते लेखी घ्या, आणि ‘किती गोळ्या टाकल्या’ यावर नव्हे तर ‘किती बिळं बंद झाली’ यावर पैसे द्या. २०१८ साली मंत्रालयात ३,१९,४०० उंदीर मारल्याच्या आकड्यावरून विधानसभेत गदारोळ झाला होता, तेव्हा खुलासा आला तो हाच: आकडा उंदरांचा नव्हे, गोळ्यांचा.

१९. गणपतीच्या दिवसांत घुशी मारू नये म्हणतात. आमच्या आजी ऐकतच नाहीत.

आजींशी वाद घालू नका. दहा दिवसांनी काही बिघडत नाही, आणि तोपर्यंत खाणं तोडायचं काम करता येतंच. उलट नैवेद्य, निर्माल्य, मोदकांचं पीठ यामुळे त्या दिवसांत ओला कचरा जास्त असतो, तो झाकून ठेवा. विसर्जन झालं की पिंजरा.

२०. मी न्यू जर्सीत राहतो. लॉनवर मातीचे उंचवटे येतात. वरचे उपाय चालतील?

नाही, तुमच्याकडे खरंच मोल असावा. वरून जाणारी फुगलेली रेघ आणि मातीचे गोल ढीग ही त्याची खूण. विषारी दाणे त्याला कळतही नाहीत, तो गांडुळं खातो. अळ्या मारूनही जात नाही, गांडुळं उरतातच. तिथे सापळाच प्रभावी, चालू बोगद्यात बसवायचा; बोगदा पायाने दाबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा फुगला तर तो चालू. पण आधी राज्याचे नियम बघा, मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन राज्यांत जनावराला पकडून धरणाऱ्या सापळ्यांवर निर्बंध आहेत. इंग्लंडमध्ये मोल मारायच्या स्ट्रिक्निन या विषाचा वापर २००६ पासून बंद आहे, जर्मनीत मोल संरक्षित प्राणी आहे आणि आयर्लंडमध्ये मोल नाहीतच. कॅलिफोर्नियात ढीग अर्धचंद्राकृती असून तोंड एका बाजूला मातीने बंद असेल तर ते गोफर, म्हणजे बिळं खणणारे उंदरासारखे प्राणी, मोल नव्हे. ते मुळं खातात, त्यामुळे उपायही निराळे.

२१. परसातलं सुरण-रताळी सगळं खाऊन टाकतात. तेवढं तरी कसं वाचवायचं?

वाफ्याच्या तळाशी आणि चारी कडांना १५ मध्ये सांगितलेली जाळी अंथरून वर माती भरा. मोठ्या जाडजूड कुंड्या किंवा सिमेंटची टाकी घेतलीत तर जाळीचीही गरज नाही. कंद काढणीला आले की जमिनीत ठेवू नका. ‘अजून थोडं वाढू दे’ म्हणता म्हणता सुरणाचा मधला गर जातो आणि वरचं कवच हातात येतं.

२२. बीळ फारच मोठं आहे, डोकं जाईल एवढं. एवढी मोठी घूस असते का?

नसते. रान जवळ असेल तर साळिंदर बघा: आसपास काटे पडलेले, झाडांच्या बुंध्यांची साल कुरतडलेली. जंगलपट्ट्यात खवले मांजराचंही असू शकतं. दोन्ही वन्यजीव कायद्याखाली आहेत, तेव्हा पिंजरा, विष, धूर सगळं थांबवा, बीळ बुजवू नका, फोटो काढून १९२६ वर कळवा.